जुना आहे म्हणून ग्रेस मार्क मिळणार नाहीत

"त्या काळाच्या मानाने चांगलाय" असं कोणी म्हणालं की माझं डोकंच फिरतं. अहो, सिनेमा मी आत्ता बघतेय ना, कोथरूडमध्ये, शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर, हातात फोन घेऊन. १९३७ साली तिकीट काढून बसलेल्या माणसाला काय वाटलं ते त्याचं त्याला माहीत. माझा प्रश्न एवढाच की फोन बाजूला ठेवावासा वाटला का. जुना म्हणून सूट नाही, आणि आपल्या पुण्यात बनला म्हणून तर अजिबातच नाही.

तर सध्या घरी शनिवारचा कार्यक्रम असा की मी, आई आणि शिकायला आमच्याकडे राहणारा मावसभाऊ मिळून जुने मराठी सिनेमे बघतो. आईचे बघून झालेत, आम्हा दोघांचे पहिल्यांदाच. आणि पहिल्यांदा बघण्याचा एक फायदा असा की लहानपणच्या आठवणी वगैरे भानगड नसते, जे पडद्यावर दिसतंय तेवढंच.

सगळ्यात वर कुंकू. व्ही. शांताराम, प्रभात फिल्म कंपनी, १९३७. प्रभात रोडवर रोज ट्रॅफिकमध्ये अडकणाऱ्या निम्म्या लोकांना हे नाव कुठून आलं याचा पत्ता नसतो, कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून इथे आली आणि आज जिथे एफटीआयआय ही सिनेमा शिकवणारी संस्था आहे तिथेच त्यांचा स्टुडिओ होता. असो. गोष्ट बहुतेकांना ऐकून माहीत असते, नीराचं फसवून काकासाहेब नावाच्या एका म्हाताऱ्या विधुराशी लग्न लावलं जातं आणि ती म्हणते हे लग्न मी मानत नाही, बस्स. मला वाटलं होतं रडारड असणार. रडारड नाहीच! ही बाई चिडलेली आहे आणि पूर्ण सिनेमाभर चिडलेलीच राहते. म्हाताऱ्याचा मोठा झालेला मुलगा लगट करायला येतो तेव्हा ती छडी घेऊन त्याला असा काही फोडून काढते की आमच्या भावाने फोन उलटा करून ठेवला आणि म्हणाला, "ताई, हे खरंच तेव्हाचं आहे?"

आणि पार्श्वसंगीत नाही. म्हणजे गाणी आहेत, पण प्रसंगामागे वाजणारं म्युझिक अजिबात नाही, फक्त घरातले आवाज, पावलं, दारं, भांडी. पहिली पाच-दहा मिनिटं वाटतं की टीव्हीचा आवाज गेलाय की काय. मग सवय होते आणि मग भीती वाटायला लागते, कारण आता घाबरा, आता रडा असं सांगायला व्हायोलिनच नाही. काकासाहेबांचं ते भिंतीवरचं घड्याळ तर त्यांच्यासारखंच म्हातारं आणि हट्टी, काकासाहेब झालेले केशवराव दाते त्याच्याकडे बघतात ना, तेव्हा संवादाची गरजच पडत नाही. आजच्या वेबसिरीजवाल्यांनी एक एपिसोड तरी असा म्युझिकशिवाय काढून दाखवावा.

काकासाहेबांची विधवा मुलगी झाल्यात शकुंतला परांजपे, म्हणजे दिग्दर्शिका सई परांजपेंची आई, ज्यांनी प्रत्यक्षात संततिनियमनाचं काम केलं, त्यामुळे त्या नीराशी बोलतात तेव्हा कोणीतरी लिहून दिलेलं बोलतायत असं वाटतच नाही. आणि नीरा झालेल्या शांता आपटे पुढे १९३९ मध्ये खुद्द प्रभातच्याच फाटकाशी उपोषणाला बसल्या होत्या, त्यामुळे तो हट्ट किती अभिनय आणि किती स्वभाव, देव जाणे.

पण शेवट मला नाही पटला. काकासाहेबांना उपरती होते आणि ते जीव देतात, जाताना चिठ्ठीत तिला दुसरं लग्न कर म्हणून सांगतात. म्हणजे दोन-अडीच तास जी बाई कोणाच्या बापाचं ऐकत नाही तिची सुटका शेवटी म्हाताऱ्याच्या मोठेपणाने. आई म्हणाली, "अगं, तेव्हा एवढं दाखवलं हेच खूप होतं." झालं, परत तेच! मी म्हटलं आई, मार्क कापणार म्हणजे कापणार.

संत तुकाराम (१९३६) बद्दल थोडक्यात. चमत्कारांचे सीन आज लहान पोरालाही कळतात कसे केलेत ते, तिकडे भाऊ हसला. पण तुकारामांची बायको जिजाई चप्पल घेऊन देवळात विठ्ठलाला जाब विचारायला जाते तिथे कोणी हसलं नाही. तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस छानच आहेत, पण माझ्यासाठी सिनेमा जिजाई झालेल्या गौरीबाईंचा, भक्ताच्या बायकोला चूल पेटवावी लागते हे त्यांच्या चेहऱ्यावरून एक क्षण हलत नाही.

आता अशी ही बनवाबनवी. हो, मी हा सलग कधीच बघितला नव्हता, दगड मारू नका. गंमत अशी की मीम आणि रील्समुळे निम्मा सिनेमा आधीच पाठ होता, तो "सत्तर रुपये"वाला प्रसिद्ध संवाद येईपर्यंत भाऊ त्यांच्याबरोबर संवाद म्हणत होता. ज्याचा प्रत्येक विनोद आधीच माहितीये तो सिनेमा पहिल्यांदा बघून हसू येतं का? येतं, भरपूर येतं. आणि त्याचं कारण माझ्या मते अशोक-लक्ष्याच्या टायमिंगइतकंच पुण्याचे घरमालकही आहेत. खोलीसाठी दोघांना बायका व्हावं लागतं, ही १९८८ ची गोष्ट, बरं ती पण १९६६ च्या हिंदी बीवी और मकान वरून घेतलेली, आणि आज कर्वेनगरला फ्लॅट शोधायला जा, "बॅचलर चालणार नाहीत" हे वाक्य ब्रोकर नमस्काराच्या आधी म्हणतो. माझ्या ऑफिसमधल्या दोघांनी तर साखरपुड्याचे फोटो दाखवून घर मिळवलंय. सिनेमातले घरमालक सरपोतदार अजून भाडं वसूल करतायत तोवर या सिनेमाला मरण नाही.

पिंजरा (१९७२) वर मात्र आमच्याकडे भांडण झालं. आईचा जीव की प्राण. माझ्या मते पहिला अर्धा भाग म्हणजे तमाशातल्या बाईच्या नादाने गावातले देवमाणूस गुरुजी बिघडले, एवढंच. गुरुजींनी स्वतः काय काय केलं त्याचा हिशोब कोणी मागत नाही. पण मग पुढे गुरुजी मेले असं समजून गावाने त्यांचा पुतळा उभा केलाय आणि गुरुजी स्वतःच्याच खुनाच्या आरोपात उभे आहेत, इथे मी सरळ होऊन बसले. श्रीराम लागूंचा तो पहिला सिनेमा, खरं वाटत नाही. पुतळा टिकावा म्हणून जिवंत माणसाने फासावर जायचं हे सिनेमाला थोर वाटतं, मला भयंकर वाटलं, आणि आज आपल्याकडे पुतळ्यांवरून जे चालतं ते बघता जास्तच.

सामनामध्ये हीच ताकद आहे आणि लचांड कमी. मारुती कांबळेचं काय झालं, एवढ्या एका प्रश्नावर निळू फुल्यांचा साखरसम्राट हिंदुराव आतून पोखरत जातो. तेंडुलकरांनी लिहिलंय, जब्बार पटेलांचा पहिला सिनेमा. पूर्ण मार्क, पुढे बोलत नाही.

आणि हे जे "जुनं ते सोनं"वाले आहेत ना, त्यांना एक सांगायचंय. आपल्याला जे दिसतं ते गाळून उरलेलं आहे हो, टुकार सिनेमे तेव्हाही ढिगाने निघत असणार, ते कोणी जपले नाहीत एवढंच. वाईट याचं की चांगलेही गेले. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले म्हणतात, त्यातले जेमतेम तीसेक उरलेत, तेही बरेचसे तुकड्यातुकड्यांत. आणि जानेवारी २००३ मध्ये इथेच, आपल्या लॉ कॉलेज रोडवर, नायट्रेटची, म्हणजे चटकन पेटणाऱ्या जुन्या फिल्मची रिळं ठेवलेल्या गोदामाला आग लागून प्रभातच्या कित्येक मूळ फिल्म्स गेल्या. नायट्रेट एकदा पेटलं की पाण्यानेही विझत नाही. मग आपण बघतो यूट्यूबवरची कॉपीची कॉपी, शांता आपटेंच्या कपाळावर कुठल्यातरी कंपनीचा लोगो आणि आवाजात खरखर, आणि वर म्हणतो जुने सिनेमे बोअर असतात.

राहता राहिली गाणी. आईचा नियम आहे की गाणी पुढे ढकलायची नाहीत. पिंजराची नाही ढकलली, तिथे गाणी काढली तर उरतं काय, संगीतकार राम कदम आणि गीतकार खेबुडकर दोघांना दंडवत. कुंकूमध्येही नाही, कारण नीरा इंग्रजीत लाँगफेलोची कविता म्हणायला लागते तेव्हा पुढे काय होणार हेच कळत नाही. बाकी सगळीकडे आई चहा टाकायला उठली की रिमोट माझ्याकडे असतो.