प्रतिक्रियेला उत्तर : गडकऱ्यांची लढाई सुरू कुठून झाली?

सर, सामानगडावरच्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कोल्हापूर संस्थानातल्या सामानगड, भुदरगड अशा गडांवरचा १८४४ चा उठाव गडकऱ्यांच्या पोटापाण्यापुरता होता, त्यांना दुखावणारे दाजी कृष्ण पंडित आपलेच मराठी कारभारी होते, आणि ज्या इंग्रजी कागदांवर मी पक्षपाताचा आरोप करतो ते नसते तर मला हा उठाव कळलाही नसता.

पहिला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. प्रश्न पोटाचाच होता. जयंतीच्या भाषणांत या उठावाला देशाच्या स्वातंत्र्ययुद्धाचा साज चढवतात तेही मला पटत नाही. पण पोटाचा प्रश्न होता असं म्हटलं की पुढचा प्रश्न येतोच: पोटावर पाय दिला कुणी?

गडकरी पिढ्यानपिढ्या गड राखायचे आणि त्या चाकरीपोटी त्यांच्याकडे सारामाफीच्या जमिनी होत्या. त्यांची व्यवस्था गडावरून चाले. ती काढून तालुक्याच्या मामलेदाराकडे दिली. कागदावर एवढाच फेरफार. गडकऱ्याला मात्र त्यात पुढचं सगळं दिसलं. आज देखरेख गेली, उद्या जमीन जाणार, आणि जमीन गेली की गडावरची जागा, गावातला मान, पोरांचं पुढचं आयुष्य, काहीच हातात राहणार नाही. जुलै १८४४ मध्ये गडकऱ्यांनी सामानगडाचे दरवाजे आतून बंद केले, पाठोपाठ भुदरगडाचे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूने लिहिलेल्या हकिकतींत लढाई या बंद दरवाजांपासून सुरू होते. १८८६ च्या कोल्हापूर गॅझेटियरमध्येही सूर तोच: राज्यात चांगली व्यवस्था बसवायचा प्रयत्न झाला, त्यातून नाराजी, नाराजीतून बंड. या मांडणीत व्यवस्था बसवणारा कारणांमध्ये धरलाच जात नाही. कारण फक्त नाराज होणाऱ्याच्या अंगात असतं. मी पक्षपात म्हणतो तो हा. तारखा खोट्या आहेत असं मी कुठेही म्हटलेलं नाही.

दाजी पंडित मराठी होते, हे खरंच. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दलही मला शंका नाही. पण त्यांना त्या जागी बसवलं कुणी? १८३८ मध्ये कोल्हापूरचे शहाजी महाराज वारले, गादीवर त्यांचे अल्पवयीन पुत्र शिवाजी महाराज, दरबारात बेबनाव. तेव्हा कंपनी सरकारने दाजींना नेमलं. पुढे कोल्हापुरातल्या शिबंदीने, म्हणजे संस्थानच्या पगारी शिपायांनी, दाजींनाच कैद केलं. दरबारची सत्ता कुठून चालते याचा अंदाज त्या शिपायांना होता.

कागदांबद्दल म्हणाल, तर एकाच बाजूचा साक्षीदार मिळाला म्हणून त्याची साक्ष फेकायची नसते, उलटतपासणी घ्यायची असते. जमिनींच्या फेरफाराची गोष्ट मला इंग्रजी कागदांतूनच मिळाली. ती तिथे ओझरती येते, मी ती पुढे आणून ठेवली.

आणि हे १८४४ पुरतं नाही. १७६५ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी कोल्हापूरकरांचा सिंधुदुर्ग घेतला, त्याला फोर्ट ऑगस्टस नाव दिलं आणि पुढच्या वर्षी कोल्हापूरच्या राणी जिजाबाईंशी तह करून परत केला. कारण सांगितलं चाचेगिरीचं. कोल्हापूरच्या आरमाराचं दस्तक, म्हणजे परवाना, नसलेलं जहाज अडवणं हा इंग्रजांच्या लेखी गुन्हा. पोर्तुगीज त्याच समुद्रात शतकानुशतकं परवाने सक्तीने घ्यायला लावत होते आणि कंपनीही स्वतःचे परवाने देत होती, हे मात्र त्या कारणांच्या यादीत नाही.

तुम्ही विचारलंत, एवढ्या जुन्या गोष्टीत कारण कुणाच्या नावावर आहे याने काय फरक पडतो? गडकऱ्यांना पडला. १८४४ च्या १३ ऑक्टोबरला कंपनीच्या फौजेने सामानगड घेतला, १ डिसेंबरला पन्हाळा. गडांची तटबंदी पाडली. पन्हाळ्याच्या चार दरवाजाजवळ जाऊन बघा, काय शिल्लक आहे ते. गडकऱ्यांची वंशपरंपरागत चाकरी संपली. आणि मोहिमेचा खर्च कोल्हापूर संस्थानाच्या नावावर कर्ज म्हणून लागला. लढाई कोल्हापूरकरांनी सुरू केली असं ठरल्याशिवाय ते बिल त्यांच्यावर फाडता आलं नसतं.

तुम्ही गडहिंग्लजचे आहात असं प्रतिक्रियेत लिहिलंय. तुमच्या भागात गडकरी घराण्यांकडे जुन्या सनदा किंवा मामलेदार कचेरीचे कागद असतील तर मला बघायचे आहेत, माझ्या मांडणीच्या विरुद्ध जाणारे असले तरीही. तुम्ही ओळख करून दिलीत तर मी येतो.