अप्रेंटिस घेतला की मालक अडकतो? त्या मेसेजमधलं एकेक विधान तपासू

लघुउद्योजकांच्या ग्रुपांवर अप्रेंटिसबद्दल, म्हणजे कारखान्यात करारावर काम शिकणाऱ्या शिकाऊ उमेदवारांबद्दल, बरेच दिवस एक मेसेज फिरतोय. थोडक्यात तो असा: "सरकारच्या अप्रेंटिस योजनेला भुलू नका. अर्धा स्टायपेंड सरकार देणार म्हणतात, मालकाच्या हातात दमडी पडत नाही. वर्ष संपलं की पोराला कायम करावं लागतं. पीएफ-ईएसआय मागे लागतं. कागदात चूक झाली की मालक आत. आणि एवढं करून शिकवलेला पोरगा मोठ्या कंपनीत पळतो."

मी एका पॉलिटेक्निकमध्ये ट्रेनिंग-प्लेसमेंटचं काम बघते. निकाल लागले की मुलांच्या फायली घेऊन एमआयडीसीत गाळोगाळी फिरायचं, हे माझं काम. त्यामुळे या मेसेजची झळ कुणाला बसते ते मला समोर दिसतं. मेकॅनिकल डिप्लोमा झालेल्या एका मुलीला एका वर्कशॉपच्या मालकांनी ड्रॉइंग वाचायला दिलं, मायक्रोमीटरने शाफ्ट मोजायला लावला. तिने तीन ठिकाणी माप घेतलं आणि एका टोकाला टेपर आहे, म्हणजे शाफ्ट तिकडे निमुळता होतोय, हे स्वतःहून सांगितलं. मालक खूश झाले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, मुलगी हुशार आहे, पण ते अप्रेंटिसचं लचांड नको. ठेकेदाराकडून घेतो तिला." ठेकेदाराकडे तिला ना नोंदवलेला करार मिळाला, ना वर्षाअखेरचं प्रमाणपत्र. मालकांनी मोबाइल काढून मला हाच मेसेज दाखवला होता.

तर आधी पैशांचं बोलू, कारण घोळ तिथेच जास्त आहे.

'अर्धा' हा आकडा येतो नॅट्समधून, म्हणजे राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजनेतून. ती केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाची, मुख्यतः डिप्लोमा आणि पदवी झालेल्यांसाठी. महाराष्ट्र-गोव्याचं काम मुंबईत शीवला असलेलं पश्चिम विभागाचं शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळ बघतं. 2019 च्या नियमांनी पहिल्या वर्षाचं किमान विद्यावेतन (स्टायपेंड) ठरवलं: डिप्लोमाला महिना 8,000 रुपये, पदवीधराला 9,000. सरकारचा वाटा या किमान रकमेच्या निम्मा, म्हणजे 4,000 आणि 4,500. तुम्ही डिप्लोमाच्या मुलाला 12,000 देत असाल तरी सरकारचे 4,000च राहतात, उरलेले 8,000 तुमचे. 'अर्धा पगार सरकारचा' एवढंच ऐकून सहा हजारांचा हिशेब मांडलेला मालक इथे चिडतो आणि योजनाच खोटी म्हणून मोकळा होतो.

आयटीआयच्या मुलांची योजना निराळी. तिचं नाव नॅप्स, म्हणजे राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना, 2016 साली सुरू झालेली, कौशल्य विकास मंत्रालयाची. तिथे सरकारचा वाटा 25 टक्के आणि तोही महिना 1,500 रुपयांपर्यंतच. 2019 च्याच नियमांतल्या, आयटीआय झालेल्या मुलाच्या किमान 7,000 चा पाव हिस्सा 1,750 होतो, पण मिळतात 1,500. म्हणजे मालकाला 5,500 पडतात. आयटीआयचा मुलगा घेऊन निम्म्याची वाट बघणाऱ्यांना तो निम्मा कधीच मिळणार नव्हता. राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणखी तिसरीच. लोक जिला 'लाडका भाऊ' म्हणतात ती. 2024 पासूनच्या त्या योजनेत 6,000, 8,000 किंवा 10,000 रुपये शिक्षणाप्रमाणे सगळेच्या सगळे राज्य देतं. तिचे आकडे अप्रेंटिसच्या मेसेजमध्ये घुसडायचं काही कारण नाही.

आता 'हातात दमडी पडत नाही' हे. आता ती मालकाच्या हातात पडायची नसतेच. पूर्वी मालक पूर्ण विद्यावेतन द्यायचा आणि नंतर सरकारी वाट्यासाठी दावा करायचा. त्या काळात पैसे थकल्याच्या तक्रारी मीही भरपूर ऐकल्या आहेत. नॅप्समध्ये ऑगस्ट 2023 पासून आणि नॅट्समध्ये 2024 च्या नव्या पोर्टलपासून सरकारचा वाटा थेट मुलाच्या बँक खात्यात जातो. तुम्ही तुमचा वाटा द्यायचा, पोर्टलवर हजेरी आणि भरणा दाखवायचा, एवढंच. तुमचे 4,000 वाचले ते असे, खिशातून गेलेच नाहीत म्हणून.

सरकारी हप्ता लांबतो, हे मात्र खरं आहे, आणि त्याचा त्रास मुलाला होतो. गाव सोडून आलेल्या मुलाला मेस आणि खोलीभाडं पहिल्या तारखेला द्यावं लागतं. त्यावर मंडळाला धारेवर धरा, मी तुमच्यासोबत येईन. पण अडकलेल्या बऱ्याच हप्त्यांचं कारण साधं निघतं: खातं आधारशी जोडलेलं नसतं, किंवा आधारवर वडिलांचं नाव पूर्ण आणि पासबुकात नुसतं आद्याक्षर असतं. रुजू व्हायच्या दिवशीच पासबुक आणि आधार शेजारी ठेवून बघितलं तर पुढचे महिने सुटतात. रक्कम अपुरी आहे, हेही मान्य. मे 2025 मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने विद्यावेतनात 36 टक्के वाढीची शिफारस केली, ती त्यामुळेच योग्य होती.

'वर्ष संपलं की कायम करावं लागतं.' साफ चूक. शिकाऊ उमेदवारी कायदा 1961 चा. त्याच्या कलम 18 प्रमाणे अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. कलम 22 नोकरीबद्दल बोलतं. 2014 च्या दुरुस्तीनंतर त्यात एवढंच आहे की आपल्याकडे शिकलेल्यांना भरतीत कसं घ्यायचं याचं धोरण मालकाने स्वतः ठरवावं. एक जागा मात्र डोळे उघडे ठेवून वाचा. 'प्रशिक्षणानंतर उमेदवाराने आमच्याकडेच नोकरी केली पाहिजे' अशी अट तुम्ही करारात घातलीत, तर त्याला योग्य नोकरी देणं तुमच्यावरही बंधनकारक होतं. मुलाला बांधून ठेवायला जाल तर स्वतः बांधले जाल. अट घातली नाही तर वर्षाअखेर दोघेही मोकळे.

ही समजूत आली कुठून, याचा अंदाज करता येतो. उत्तर प्रदेशच्या एसटी महामंडळाच्या प्रकरणात 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की बाकी सगळं समान असेल तर थेट भरतीतल्या उमेदवारापेक्षा प्रशिक्षित अप्रेंटिसला प्राधान्य द्यावं. आपल्याकडेही सरकारी महामंडळांत शिकाऊ उमेदवारी केलेली मुलं त्या निकालाचा आधार घेतात, आणि घ्यायलाच हवा. भरती निघेल तेव्हा प्राधान्य, असा तो निकाल आहे. भोसरीतल्या दहा माणसांच्या वर्कशॉपला वर्षभराने कायम जागा काढायला लावणारं त्यात काही नाही.

पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा): नाही. नोंदणीकृत अप्रेंटिसला जुन्या कायद्यांनीही 'कर्मचारी' या व्याख्येतून वगळलं होतं आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही वगळलं आहे. करार नोंदवलेला मात्र हवा. नुसता तोंडी 'ट्रेनी' ठेवलात तर ही सूट मिळेलच असं धरून चालू नका. आणि मेसेज ज्याबद्दल गप्प आहे ती जबाबदारी खरी आहे: कामावर इजा झाली तर भरपाई मालकाकडे येते, कलम 16 तसं सांगतं. प्रेसवर किंवा लेथवर मुलगा उभा करण्याआधी विमा काढा आणि गार्ड लावा.

'मालक आत.' 2014 च्या दुरुस्तीनेच तुरुंगाची शिक्षा काढून टाकली, उरला दंड. तो कशाबद्दल आहे हे तर मेसेज लिहिणाऱ्याने उलटंच करून ठेवलंय. कायम आणि ठेक्याची मिळून 30 किंवा जास्त माणसं असतील, तर मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. जितके कमी घ्याल तितक्यांचा दंड: प्रत्येकामागे पहिले तीन महिने महिना 500 रुपये, पुढे महिना 1,000. म्हणजे हा मेसेज ऐकून अप्रेंटिस न घेणारा तीस माणसांचा कारखानाच दंडाला पात्र होतो. चार ते एकोणतीस माणसं असतील तर मर्जी तुमची.

राहिलं 'शिकवलेला पोरगा पळतो'. हे मेसेजमधलं एकमेव विधान ज्यात अनुभव आहे. मुलं जातात, चांगली मुलं आधी जातात. पण हिशेब नीट मांडा. सुरुवातीचे दोन-तीन महिने तुम्ही त्याला ऑफसेट घ्यायला (मशीनवर मापाचा फरक भरून काढायला), फर्स्ट पीस, म्हणजे पहिला नग, तपासायला, रिजेक्शनचं कारण लिहायला शिकवता. त्यानंतर उरलेलं वर्ष तो तुमच्याच कामाला हातभार लावतो, आणि तुमच्या खिशातून महिना चार हजारांपासून पुढे जातात. नवा माणूस पूर्ण पगारावर घेऊन तोच शिकायचा काळ काढलात तर तो खर्च सगळा तुमचा, आणि तोही उद्या जाऊ शकतोच. माझ्या ओळखीचे जे मालक मुलं टिकवतात, ते दहाव्या महिन्यातच समोर बसवून विचारतात, "पुढे राहणार का? पगार अमुक देतो." बाकीचे शेवटच्या आठवड्यापर्यंत काहीच बोलत नाहीत, आणि तोवर मुलाला दुसरीकडून फोन येऊन गेलेला असतो.

काही कारखाने अप्रेंटिसला वर्षभर पॅकिंगला बसवतात, मशीनला हात लावू देत नाहीत. सरकारच्या पैशावर स्वस्तात माणसं वापरण्याचा हा प्रकार मला त्या मेसेजइतकाच संताप आणतो. मुलांनो, असं घडलं तर मंडळाकडे लेखी तक्रार करा आणि तिची प्रत कॉलेजला द्या. तुमच्या करारात प्रशिक्षण कशाचं हे लिहिलेलं असतं, तक्रारीत ती ओळ उतरवून काढा.