‘लेट’नं पलटी मारलेली नाही

इंग्रजीच्या नावानं खडे फोडणारा एक मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्यात तीन दावे आहेत. ‘लेट’ (let) या क्रियापदाचा अर्थ पूर्वी ‘अडवणं’ होता, तो उलटून ‘करू देणं’ झाला. पासपोर्टवरचं ‘विदाउट लेट’ ही छापखान्यातली जुनी चूक आहे. आणि टेनिसमधलं ‘लेट’ म्हणजे ‘नेट’चा अपभ्रंश.

अर्थ मुळात उलटलेलाच नाही, कारण ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. जुन्या इंग्रजीत एक होतं ‘लॅटन’, म्हणजे सोडणं, जाऊ देणं. जर्मनमधलं ‘लासन’ हे त्याचं भावंड. दुसरं ‘लेट्टन’, म्हणजे खोळंबा करणं, अडवणं. लोकल ‘लेट’ (late) आहे म्हणतो, त्या शब्दाच्या कुळातलं. उच्चार झिजत झिजत दोन्ही एकसारखी झाली, इतकंच. आपल्याकडे ‘वर’ म्हणजे नवरदेव आणि ‘वर’ म्हणजे माडीवर. दुसरा आला ‘उपरि’वरून. म्हणून नवरदेवच माडीवर चढला, असं कुणी म्हणत नाही.

ही दोन क्रियापदं कित्येक शतकं एकाच घरात नांदली. ‘हॅम्लेट’च्या पहिल्या अंकाचा चौथा प्रवेश काढा. बापाचं भूत हॅम्लेटला खुणावतंय, सोबती त्याला धरून ठेवतायत आणि तो ओरडतो, ‘आय विल मेक अ घोस्ट ऑफ हिम दॅट लेट्स मी!’ मला अडवेल त्याचंच भूत करीन! इथे ‘जाऊ देईल’ असा अर्थ लावला, तर बिचारा वाट सोडणाऱ्यालाच मारायला निघालाय. गंमत म्हणजे त्याच प्रवेशात, थोडं आधी, हाच हॅम्लेट भुताला विनवतो: ‘लेट मी नॉट बर्स्ट इन इग्नरन्स’. हे आपलं रोजचं ‘लेट’. अर्थ उलटला असेल, तर तो त्या दोन वाक्यांच्या मध्ये उलटला म्हणायचा!

१६११च्या इंग्रजी बायबलमध्येही देव विचारतो, ‘आय विल वर्क, अँड हू शॅल लेट इट?’ मी करीन, कोण अडवणार?

पासपोर्टचं तर उत्तर पासपोर्टातच आहे. ‘विदाउट लेट ऑर हिंड्रन्स’ या इंग्रजी मजकुराच्या जोडीला हिंदी मजकूर आहे, त्यात ‘बिना रोक-टोक’ असं स्वच्छ छापलंय. कायद्याच्या भाषेत जुने शब्द असे टिकतात.

टेनिस? शेजारच्या कोर्टावरचा चेंडू घरंगळत आला तरी पंच ‘लेट’ म्हणतात आणि पॉइंट पुन्हा खेळवतात. नेटचा तिथे काय संबंध? स्क्वॉशमध्ये तर नेटच नसतं, तरी वाटेत प्रतिस्पर्धी आला की खेळाडू ‘लेट’ मागतो.

मेसेजवाल्यांच्या बाजूनं एक सांगायला हवं. फार मागे गेलं, की दोन्ही शब्द ‘ढिलं सोडणं’ अशा अर्थाच्या एकाच मुळाशी पोचतात, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. पण ती फाटाफूट इंग्रजी जन्मण्याच्या कितीतरी आधीची. तिचं खापर इंग्रजीवर कसं फोडणार?