उजवा कालवा, डावा कालवा

आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर रविवार संध्याकाळपासून एक कागद लावलेला आहे. ‘काही सभासद’ वाहनतळात वाहने दुरुस्त करीत असल्यामुळे अंदाजे ४० लिटर पाण्याचा अपव्यय झाला व एका ज्येष्ठ सभासदांस त्रास सोसावा लागला, असा त्यातील मजकूर आहे. ‘काही सभासद’ म्हणजे मी. हे अनेकवचन आदरार्थी असावे, अशी मी स्वतःची समजूत घालून पाहिली. परंतु खाली पाचशे रुपये दंडाचा उल्लेख असल्यामुळे ती समजूत टिकली नाही.

घडले ते एवढेच. ताम्हिणी घाटातून परतताना समोरून आलेल्या ट्रकने माझ्या काचेवर चिखलाची चूळ टाकली. मी स्टिअरिंगजवळची दांडी ओढली, पाणी आले नाही, आणि वायपरने तो चिखल अंगण सारवावे तसा काचभर सारवून दिला. सर्व्हिस सेंटरमध्ये ‘काचेवर पाणी उडवणारा नुसता पंप येत नाही, बाटलीसकट अख्खा सेट घ्यावा लागेल’ असे सांगून ३,४०० रुपयांचा आकडा ऐकवण्यात आला. नाना पेठेत तोच पंप, तो बाटलीत घट्ट बसवणाऱ्या रबरी कड्यासह, म्हणजे ग्रॉमेटसह, ३८० रुपयांना मिळाला. दुकानदाराने तो वर्तमानपत्रात गुंडाळून दिला तेव्हा मला एखाद्या मोठ्या कंपनीला हरवल्याचा आनंद झाला होता, हे मी नाकारत नाही.

मी अगदीच अडाणीपणाने कामाला लागलो नव्हतो, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. दांडी ओढल्यावर मोटरची घरघर ऐकू आली आणि पाणी मात्र आले नाही, तर दोष बहुधा तुंबलेल्या नोझलचा किंवा निसटलेल्या नळीचा असतो. घरघरच नसेल तर फ्यूज, वायर किंवा पंप यांपैकी एकावर संशय घ्यावा. माझ्या गाडीत शांतता होती. फ्यूज शाबूत होता आणि पंपाच्या जोडणीला टेस्ट लॅम्प लावल्यावर तो व्यवस्थित पेटला. म्हणजे बारा व्होल्ट तिथवर पोहोचत होते, फक्त पंपाने इहलोकीची यात्रा संपवली होती. पुढची चाके पूर्ण उजवीकडे वळवायची, डाव्या चाकावरचे प्लॅस्टिकचे अस्तर सोडवायचे, जुना पंप ग्रॉमेटमधून ओढून काढायचा आणि नवा दाबून बसवायचा, एवढेच काम. ते अस्तर नऊ क्लिपांनी धरलेले असते आणि त्या क्लिपा एकदाच लावण्यासाठी बनवलेल्या असतात, हे मात्र मला चौथी क्लिप तुटल्यावर समजले. अंगठ्याएवढ्या मोटरला इतक्या बंदोबस्तात ठेवण्याचा निर्णय ज्याने घेतला, त्याने स्वतः ती कधी बदललेली नसणार.

मी जुन्या सतरंजीवर बसून पाचव्या क्लिपेशी झगडत असताना मागून प्रश्न आला, “साठवण क्षमता किती?”

आमच्या इमारतीतील हे काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आहेत. निवृत्तीला बरीच वर्षे झाली, पण खाते त्यांच्यातून निवृत्त झालेले नाही. पावसाळ्यात ते लिफ्टमध्ये नमस्कार करण्याऐवजी खडकवासला धरणाचा विसर्ग, म्हणजे किती पाणी सोडले ते, सांगतात. त्या दिवशी ते मुंजीला निघाले होते, त्यामुळे इस्त्रीचा पांढराशुभ्र सदरा-लेंगा घातलेला होता.

“अडीच लिटर,” मी म्हणालो.

“मृत साठा धरून की वगळून?”

वायपरच्या बाटलीलाही मृत साठा, म्हणजे तळाशी राहणारे, बाहेर न काढता येणारे पाणी, असू शकतो, असा विचार मी कधी केला नव्हता. काकांनी माझ्या हातातून टॉर्च घेतला, बाटलीत डोकावून पाहिले आणि अत्यंत खेदाने म्हणाले, “अहो, गाळ किती साचलाय! गाळ काढलाच नाही तुम्ही कधी.” दुर्दैवाने ते खरे होते. बोअरच्या पाण्यात एक रुपयाच्या पुडीतला शाम्पू मिसळून मी दहा वर्षे ती बाटली भरत आलो होतो आणि तळाशी हिरवट लगदा बसला होता. पंप बहुधा त्यानेच मेला असावा. परंतु सत्य ऐकण्याची एक वेळ असते, आणि माणसाचा हात कोपरापर्यंत बंपरच्या मागे अडकलेला असताना ती वेळ नसते.

पुढच्या पाऊण तासात मला पुण्याचा जलसिंचनाचा इतिहास समजला. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणे मिळून सुमारे २९ टीएमसी साठा होतो, आणि एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. त्या मानाने माझी बाटली ‘लघुप्रकल्पातही बसत नाही’. जुना पंप उपसताच उरलेले पाणी माझ्या बाहीतून थेट बगलेत आले, तेव्हा काकांनी पानशेत काढले. १२ जुलै १९६१ रोजी ते धरण फुटले तेव्हा काका शाळेत होते आणि पाणी कुठवर चढले होते हे त्यांनी मला हात वर करून दाखवले. टॉर्चही त्याच हातात असल्यामुळे तेवढा वेळ मी अंधारात काम केले. नळी कडेला किंचित कुरतडलेली दिसली, तर त्यांनी दांडेकर पुलाजवळचा २०१८ चा कालवाफुटीचा प्रसंग सांगितला आणि त्या वेळी उंदीर, घुशी व खेकड्यांवर खापर फोडण्यात आले होते, याची आठवण करून दिली. “आम्ही तेव्हा हसलो होतो,” ते नळीकडे पाहत गंभीरपणे म्हणाले. “पण बघा.”

त्यांना ‘काका, तुम्हाला मुंजीला उशीर होईल’ असे मी तीनदा सुचवले. वडीलधारा माणूस टॉर्च धरून उभा असताना त्याला ‘आता जा’ म्हणण्याची सोय आपल्या संस्कारांत कुणीच करून ठेवलेली नाही.

खरा प्रश्न नळ्यांचा होता. माझ्या गाडीच्या पंपाला दोन तोंडे आहेत. मोटर एका दिशेने फिरली की पुढच्या काचेवर पाणी येते आणि उलट फिरली की मागच्या काचेवर. कोणती नळी कुठली हे कळावे म्हणून मी एकीवर लाल टेप गुंडाळून ठेवला होता. मी ग्रॉमेट बसवण्यात गुंतलो असताना काकांनी दोन्ही नळ्या हातरुमालाने पुसून लख्ख केल्या. टेपसुद्धा पुसला गेला.

“त्यात काय एवढे?” ते म्हणाले. “उजवी उजवीकडे, डावी डावीकडे.”

“पण उजवी कुठली, काका? मी गाडीकडे तोंड करून बसलोय, तुम्ही बॉनेटवरून वाकून बघताय.”

काकांचा चेहरा उजळला. नोकरीच्या काळात हा प्रश्न त्यांना बहुधा कुणी इतक्या तळमळीने विचारला नसावा. “प्रवाहाच्या दिशेने तोंड करायचे. उजव्या हाताला येईल तो उजवा कालवा, डाव्या हाताला डावा. मुठेचा उजवा कालवा असाच ठरलाय.” नियम निर्विवाद होता. फक्त अडीच लिटरच्या बाटलीत प्रवाहाची दिशा कोणती, हे ठरवण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे ठेवला आणि मी, थकून, त्यांचे ऐकले.

बाटली भरली. मी गाडीत बसलो. काका ‘शेपटाकडची बाजू’ तपासण्यासाठी गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले. मागचे नोझल कुणाच्या तरी फडक्याने केव्हाच वर वळलेले होते, हे आम्हा दोघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हते. “सोडा विसर्ग!” अशी आज्ञा झाली. मी पुढच्या काचेची दांडी ओढली. मोटर सुरेख घरघरली, पुढचे वायपर कोरड्या काचेवर करकरत फिरले, आणि मागून अशी एक आरोळी आली की तळमजल्यावरची दोन कुत्री उठून बसली.

शाम्पूचे पाणी, त्यात दहा वर्षांचा हिरवा गाळ. सदऱ्यावर उमटलेली नक्षी मी वर्णन करून सांगणार नाही. मी माफी मागितली, धुण्याचा खर्च देऊ केला, नळ्या अदलाबदल करून दोन मिनिटांत पुढच्या काचेवर पाणी आणून दाखवले. काकांनी ते पाहिलेही नाही.

माझी तक्रार दंडाबद्दल नाही. पाचशे मिळवले तरी मी सर्व्हिस सेंटरपेक्षा अडीच हजारांनी पुढेच आहे. तक्रार आकड्याबद्दल आहे. जो माणूस मला टीएमसीचे लिटर तोंडपाठ सांगतो, त्याच्या तक्रारीत अडीच लिटरचे ४० लिटर होतात. आणि रोज सकाळी रखवालदार अध्यक्षांची गाडी उघड्या नळीने वीस मिनिटे धुतो, त्याचा विसर्ग कोणत्याच फलकावर येत नाही.

सोमवारी रात्री मी त्या ४० च्या शेजारी पेन्सिलीने ‘२.५’ असे लिहून आलो. आज सकाळी ते खोडलेले होते आणि खोडरबराचा चुरा फलकाच्या कडेवर तसाच पडला होता. आता मी बॉलपेन घेऊन खाली निघालो आहे.