कुतूहल : मंगळवार-गुरुवार, साडेपाच ते साडेसहा

मूल साडेतीन वर्षांचं झालं आणि अजून त्याला एकही क्लास नाही, हे तुम्ही परवा सोसायटीच्या लिफ्टमध्ये कबूल केलंत. चौथ्या मजल्यावरच्या काकूंचा चेहरा पाहिलात ना? दुःखाच्या घरी भेटायला आलेल्या माणसांचा असतो, तसा झाला होता.

खरं तर सुरुवात पोटातच व्हायला हवी होती. पुण्यात गर्भसंस्काराच्या वर्गांना काय तोटा? जोडीला मोझार्ट. १९९३ साली अमेरिकेत कॉलेजच्या काही मुलांना दहा मिनिटं मोझार्ट ऐकवला, तर आकृत्यांची कोडी त्यांना जरा बरी सुटली आणि दहा-पंधरा मिनिटांत तो परिणाम ओसरलाही. त्या प्रयोगात एकही बाळ नव्हतं. तरी १९९८ साली जॉर्जियाच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला सीडी द्यायला बजेटमध्ये पैसे मागितलेच. तुम्ही काय गव्हर्नरपेक्षा शहाणे?

भाषेचंही बघा. मूल ‘आई, कावळा!’ म्हणालं की लगेच ‘क्रो, बेटा, क्रो.’ कावळ्याच्या चोचीत काय आहे, हा विषय वेगळा. घरात ‘राईस फिनिश कर’ चालू ठेवा. ‘त्याचं मराठी जरा वीकच आहे हो,’ हे आजीच्या मैत्रिणींना सांगताना आवाजात खंत हवी, चेहऱ्यावर नको.

चित्रं काढायला आवडतं? बक्षीस लावा. स्टॅनफर्डच्या बालवाडीत हे करून पाहिलंय, १९७३ सालचा शोधनिबंध आहे. चित्रांची मुळातच आवड असलेल्या काही मुलांना आधी सांगून, मग सोनेरी शिक्क्याचं, रिबिनीचं प्रशस्तिपत्रक दिलं. पुढे मोकळ्या वेळात ही मुलं बाकीच्यांच्या निम्माच वेळ चित्रं काढत बसली. एका कागदात काम. भिंतीवरच्या रेघोट्या बंद, रंगाऱ्याचा खर्च वाचला.

डोळ्यांना पट्टी बांधून रंग ओळखायला शिकवणारे वर्गही असतात. मूल पट्टी आणि नाक यांच्या मधल्या फटीतून खाली बघतं, एवढंच त्यातलं शास्त्र. पण फटीतून बघायला शिकलं, हेही नसे थोडके.

आता निसर्ग. तो लागतोच, फोटोंसाठी. पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी वेताळ टेकडीवर जा. वाटेत एक पैसा दिसेल. खिशातला नव्हे; तो तपकिरी, लांबुळका किडा, कोणी त्याला वाणीही म्हणतात, हात लावला की नाण्यासारखं वेटोळं करून पडतो. चिरंजीव चिखलात उकिडवे बसतील आणि विचारतील, ‘बाबा, याला किती पाय?’

इथे सावध. तुम्ही गप्प राहिलात तर तो मोजायला लागेल. आठ, नऊ, दहा, अकला, बाला... सतरानंतर एकोणीस घेईल, चुकेल, पुन्हा पहिल्यापासून. पाय लाटेसारखे सरकतात, त्यामुळे नजर ठरत नाही, म्हणून ‘थांब ना रे जला’ असं किड्यालाच दटावेल. आणखी पाच मिनिटं दिलीत तर एकेका कड्याला या बाजूला दोन, त्या बाजूला दोन पाय आहेत, हेही त्याच्या लक्षात येऊन बसायचं. तेवढा वेळ कुठाय? अकराला अबॅकस आहे.

फोन काढा आणि जाहीर करा : ‘तेराशे सहा!’ ते १३०६ पाय ऑस्ट्रेलियात जमिनीखाली साठ मीटरवर सापडलेल्या, २०२१ साली जगापुढे आलेल्या एका भलत्याच पैशाचे. टेकडीवरच्या बापड्याची एवढी ऐपत नाही. पण उत्तर मिळालं ना? मोजणी जागच्या जागी बंद. चिरंजीव उठतात, चड्डी झटकतात आणि ‘घरी जाऊया?’ म्हणतात. २०११ साली एका प्रयोगात खेळण्यामध्ये चार गमती दडवल्या होत्या. त्यातली एक ज्यांना मोठ्यांनी नीट शिकवली, ती मुलं तिलाच धरून बसली आणि लवकर कंटाळली. ज्यांना कोणी काही शिकवलं नाही, त्यांनीच बाकीच्या गमती जास्त हुडकल्या. तेव्हा शिकवत राहा.

एक जागा मात्र टाळा. पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथे अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून पोरांना भूमिती दाखवली. कचऱ्यातून खेळणी! त्यांना २०१८ साली पद्मश्रीही मिळाली, आता बोला. ती खेळणी कशी करायची ते इंटरनेटवर फुकट आहे आणि फुकटच्या गोष्टीची फी भरल्याची पावती मिळत नाही. मग व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणार काय?

संध्याकाळी पाहुणे येतील. चहा झाला की चिरंजीवांना मधोमध उभं करा. ‘सांग बेटा, काकांना सांग, मिलिपीडला किती लेग्ज?’

चिरंजीव काकांकडे बघतील, तुमच्याकडे बघतील. मग सतरंजीवर आडवे होऊन गुडघे पोटाशी घेतील, डोकं आत खुपसतील आणि गोल होऊन पडून राहतील.

घाबरू नका. हात लावू नका म्हणजे झालं.