सुपर्ब स्टार्लिंग आणि माझी तोफ

सेरेंगेटीला लोक सिंह बघायला जातात. मी गेलो सुपर्ब स्टार्लिंग बघायला. पण बायकोला समजावताना 'साळुंकीच्या कुळातलाच पक्षी आहे' असं बोलून गेलो आणि टांझानियात उतरेपर्यंत ऐकत राहिलो, "अहो, ती तर आपल्या ग्रिलवर फुकट बसते!"

आता कुठे ती आणि कुठे हा! डोकं काळं, पाठ झळझळीत निळी, पोट विटकरी आणि छातीवर खडूने ओढावी तशी पांढरी रेघ. डोळा पांढरट, ऑडिटरसारखा रोखलेला.

पंचाईत अशी की तिकडे हा आपल्या कावळ्याइतका सर्रास. ड्रायव्हर गाडी थांबवेना. मी "न्देगे, न्देगे!" ओरडलो. स्वाहिलीत न्देगे म्हणजे पक्षी, पण विमानही न्देगेच. त्याने आभाळाकडे नजर टाकली, "हो म्झे, विमान," म्हणाला आणि गाडी दामटली. म्झे म्हणजे वडीलधारे. माझं वय बावन्न.

एकदा थांबला, अर्थात सिंहासाठी. समोर बाभळीवर निळं काहीतरी चमकलं. तांदूळ भरलेल्या पिशवीवर सहाशे मिलिमीटरची लेन्स, म्हणजे माझी तोफ, टेकवली, तर मंडळी सिंहाकडे झुकली की गाडी हले आणि माझ्या फोटोत नुसते काटे. चाळीसेक काट्यांनंतर एक पक्षी सापडला. मोठा करून बघतो तर रेघ गायब, डोळा लाल. हिल्डेब्रांट्स स्टार्लिंग! म्हणजे नवरदेव सोडून त्याच्या चुलतभावाचा फोटो.

दुपारी नाबी हिलच्या गेटपाशी डबे उघडले आणि सात-आठ सुपर्ब आपणहून हजर. एक तर थेट माझ्या बुटाशी. माझी तोफ पावणेतीन मीटरच्या आतलं बघतच नाही. मी मागे सरकलो, तो पुढे आला. मी आणखी मागे, तो आणखी पुढे. असा सरकत सरकत स्वच्छतागृहाच्या रांगेत घुसलो, तेव्हा एका बाईंनी खुणेनेच रांगेचं शेपूट दाखवलं.

शेवटी अंतर जमलं, तर स्वारी झाडाच्या गर्द सावलीत. हा निळा काही रंगद्रव्याचा नव्हे, पिसांच्या घडणीवर उजेड खेळतो म्हणून दिसणारा. ऊन गेलं की निळाई गेली. कॅमेऱ्यात आला एक काळा ठिपका.

"अहो, उन्हात बोलवा की त्याला," बायको म्हणाली.

मी कॅमेरा मिटला आणि केकचा तुकडा हातात घेतला. तेवढ्यात ड्रायव्हर ओरडला, "म्झे! न्देगे!"

मी आभाळाकडे बघितलं. खाली बघेपर्यंत केक गेला होता.