खुलासा : योन सांग-हो यांचा पहिला चित्रपट कोणता?

'ट्रेन टू बुसान' हा कोरियन दिग्दर्शक योन सांग-हो यांचा पहिलाच चित्रपट आणि तो गाजल्यावर त्यांनी 'सोल स्टेशन' हा अ‍ॅनिमेशनपट काढला, असा मजकूर सध्या फिरतो आहे. दोन्ही विधाने चूक आहेत.

योन मुळात अ‍ॅनिमेशनवाले. शिक्षण चित्रकलेचे. २०११ मध्ये त्यांचा 'द किंग ऑफ पिग्ज' आला. शाळेत गरीब मुलांवर होणारी दादागिरी आणि ती मोठेपणीही कशी पाठ सोडत नाही, याची ही कथा इतकी जळजळीत आहे की अ‍ॅनिमेशन म्हणजे लहान मुलांचे, हा समज तिथेच गळून पडतो. २०१२ मध्ये तो कान महोत्सवाच्या 'डायरेक्टर्स फोर्टनाइट' विभागात दाखवला गेला. २०१३ मध्ये 'द फेक' : धरणाखाली जाणारे गाव, विस्थापितांच्या पैशावर डोळा ठेवणारा भोंदू. माझ्या मते हेच त्यांचे सर्वांत धारदार काम.

गोंधळ झाला तो तारखांमुळे. कोरियात 'ट्रेन टू बुसान' जुलै २०१६ मध्ये लागला, 'सोल स्टेशन' ऑगस्टमध्ये. पण 'सोल स्टेशन'चे काम आधी सुरू झाले होते. खऱ्या नटांना घेऊन केलेला योन यांचा पहिला चित्रपट मात्र 'ट्रेन टू बुसान'च.